आबा, तुमच्या गुडमारवर सईने विश्वास ठेवला

तीर्थरूप आबा,

तुमच्यासमोर मी कधी आवाज चढवला नाही. आज चढवायचा आहे, आणि तुम्ही नाही आहात. म्हणून लिहायला बसले. तुमची नात काल दवाखान्यातून घरी आली. आत्ता दुपारची झोपली आहे. मी अजूनही मधूनमधून जाऊन तिचा श्वास बघते.

तुमचा गुडमारचा वेल कुंपणावर तसाच आहे. गाव महापालिकेत गेलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, पण घरामागचा तो तुकडा तुम्ही विकू दिला नाहीत. तुम्हाला साखर निघाली तेव्हा तुम्ही कुठूनसा तो वेल आणून लावलात. मग कात्रजपासून लोक पाला मागायला येऊ लागले, आणि तुम्ही मूठ मूठ देत राहिलात.

सईला मधुमेह निघाला तेव्हा ती चौथीत होती. तुमचा आजार वेगळा आणि तिचा वेगळा, हे डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. तिला जन्मभर इन्सुलिन लागणार होतं. सुईच्या वेळी ती घरभर पळायची आणि तुम्ही उठून अंगणात जायचात.

असंच एकदा तुम्ही तिला वेलाचं पान चावायला दिलंत आणि मग जिभेवर गुळाचा खडा ठेवलात. ती म्हणाली, मातीसारखा लागतोय. तुम्ही किती हसलात!

"गोड मेलं का न्हाई? जिभंवर मेलं तसं रगतातबी मरतंय. तुझी सुई घालवतो का न्हाई, बघ."

मी तिथेच उभी होते. असं सांगू नका, म्हणाले मी. पोरीला जरा आशा नको का, असं तुम्ही मला उलट विचारलंत. आठवतं तुम्हाला?

ती आशा तिने जपून ठेवली, आबा. तुम्ही गेल्यावर ती रोज शाळेत जायच्या आधी मागे जाऊन पानं चावायला लागली. आम्हाला वाटलं, तुमची आठवण येते म्हणून जाते. हळूहळू तिने इन्सुलिन कमी केलं, मग बंदच केलं. सुईचं पेन पोटाला लावायची, दाबायची नाही, आणि "घेतलं" म्हणून सांगायची.

त्या सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. बाहेरचं काही खाल्लं असेल, असंच सगळ्यांना वाटलं. आईंनी लिंबूपाणी दिलं, तेही राहिलं नाही. मी तिला धरायला वाकले तर तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येत होता. मीटर लावलं. आकडा येईना. नुसतं 'हाय' उमटलं, म्हणजे मोजता येणार नाही इतकी साखर.

तुमच्या नितीनने गाडी काढली. सातारा रस्ता जाम होता. सई माझ्या मांडीवर डोकं ठेवून असा श्वास घेत होती, जणू लांबून धावत आली आहे. मी तिला हलवत राहिले, झोपू नकोस म्हणत राहिले. शेवटचं इन्सुलिन कधी घेतलंस, असं विचारलं तर डोळे न उघडता म्हणाली, "आबांचा पाला खाते ना मी."

नितीनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग हॉर्नवरचा हात त्याने दवाखान्याच्या दारापर्यंत काढला नाही.

डॉक्टर तरुण होत्या. सईला आत नेऊन सलाईन, इन्सुलिन चालू केल्यावर त्या बाहेर आल्या आणि पाल्याबद्दल सगळं विचारून घेतलं. हसल्या नाहीत. गुडमारवर संशोधन चालू आहे म्हणाल्या. मोठ्या माणसांच्या मधुमेहात औषधांच्या जोडीने, डॉक्टरांना विचारून घेतला तर थोडाफार उपयोग होतही असेल, पण खात्रीने सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "हिच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. पाला तिथे जागं तरी कुणाला करणार?"

बाकावर बसलेल्या आई पुटपुटल्या, ह्यांची साखर पाल्यानंच उतरली हुती, पोरीनं नीट खाल्ला नसंल. मला राहवलं नाही.

"आई, आबा रोज गोळ्या घेत होते. मीच त्यांच्या हातावर ठेवत होते."

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

खोटं बोलले का मी? तुम्ही गोळी कधी चुकवली नाहीत. पण स्वयंपाकघरात घ्यायचात आणि ओसरीवर येऊन कौतुक करायचात ते पाल्याचं. का, आबा? वेल तुमच्या हातचा होता, म्हणून?

सई शुद्धीवर आल्यावर मी तिलाही गोळ्यांचं सांगितलं. तिने छताकडे बघत विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी म्हटलं, तुला सुई टोचलेली त्यांना बघवत नव्हती गं. ते तरी खरं होतं ना?

काल तिला घरी आणून निजवलं आणि मी कोयता घेऊन मागे गेले. पहिली फांदी धरली तोच फाटकातून कुणी हाक मारली. नव्या सोसायटीतले एक गृहस्थ होते. त्यांच्या लहान मुलाला नुकतीच साखर निघाली होती. आजोबांचा पाला मिळेल का, विचारत होते.

आई माझ्या मागून पुढे झाल्या.

"पोराला सुई सांगितलीया का?"

ते हो म्हणाले.

"मग पाला न्हाई मिळायचा. सुई बंद करू नका. आमची नात मरता मरता वाचली."

ते थोडासा तरी द्या म्हणत राहिले. आईंनी फाटक लावून घेतलं, माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि आत गेल्या. आज सकाळी सईने सुई घेतली तेव्हा त्या तिच्या शेजारी बसून होत्या.

वेल राहील, आबा. पण पाला मागायला जो येईल, त्याला मी तुमच्या गोळ्यांचंही सांगेन, अगदी ओसरीवर बसून. तुम्हाला आवडो न आवडो.

तुमच्यावर रागावलेली, तरीही तुमचीच सून,
वैशाली