आवाज ऐकला, चेहरा नाही

नाना, तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. परदेशातल्या एका कोर्टात मी साक्ष देऊन आले, आणि ते सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. तहसीलसमोर टेबल टाकून तुम्ही लोकांचे अर्ज लिहायचात. एक्क्याऐंशी साली, दहावीच्या सुट्टीत, मी केदारखेड्याहून तुमच्याबरोबर भोकरदनला यायचे आणि अर्जांची पक्की प्रत काढायचे. एकदा आपल्याच गावचा एक माणूस आला. बांधाच्या भांडणात त्याचा भाऊ मारला गेला होता. मारणाऱ्याचं नाव त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. मला त्याची दया आली आणि मी ‘ऐकलं’च्या जागी ‘पाहिलं’ लिहिलं. तुम्ही कागद वाचला आणि त्याच्यासमोरच फाडलात.

“तू होती का तिथं? हा तरी होता का? मंग पाह्यलं कसं लिहून राह्यली? पाह्यलं ते पाह्यलं, ऐकलं ते ऐकलं. बिलकुल मिसळायचं न्हाई.”

त्याची केस पुढं टिकली नाही. तो रोज आपल्या दारावरून जायचा. तुम्ही रामराम घालायचात, तो घ्यायचा नाही. त्या दिवसांत तुमच्या घशाखाली भाकरी कशी उतरायची, हे मी कधी विचारलं नाही.

पुढं तुम्ही मला नर्सिंगला घातलंत, आणि त्या नोकरीनं मला आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं लढाई चालू होती, हे मी तुम्हाला पत्रात कधी लिहिलं नाही. एका दुपारी सैनिक वॉर्डात शिरले. पायाला गोळी लागलेल्या एका बाईला मी ओढत चादरींच्या कोठीत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलोय. माझा हात तिच्या तोंडावर आहे. दाराच्या फळ्यांत बोटभर फट आहे, तिचा डोळा फटीला लागलाय. बाहेर एक माणूस आवाज न चढवता हुकूम देतो: चालता येतं त्यांना ट्रकमध्ये घाला, बाकीच्यांना इथंच. मग गोळ्या. तिचा नवरा भिंतीकडच्या खाटेवर आहे, त्याला चालता येत नाही. तिचे दात माझ्या तळव्यात रुततात. मी हात काढत नाही.

मी परत आले तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. “कसं होतं तिकडं?” तुम्ही विचारलंत. “बरं होतं,” मी म्हटलं. सहा महिन्यांत तुम्ही गेलात.

ती बाई पुढं युरोपातल्या एका देशात आसऱ्याला गेली, आणि तिथल्या बाजारात तिला तोच अधिकारी दिसला, भाजी घेताना. त्या देशाचा कायदा असा, की असला गुन्हा जगात कुठंही घडलेला असो, आरोपी त्यांच्या हद्दीत सापडला तर खटला तिथं चालतो. तिनं माझं नाव सांगितलं, म्हणून तिथले दोन पोलीस माझा जबाब घ्यायला नवीन जालन्यापर्यंत आले. मला त्यांच्याकडे घेऊन जायला भाऊ एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सुट्टी काढून आला होता, पण मोटारसायकल चालू करेना.

“कोण कुठला माणूस, कोणत्या मुलखातला. इथं ठाण्याची हद्द बदलली तर कोणी तक्रार घेत न्हाई, अन् हे एवढ्या दूर आले. तू जिवंत आली, तेवढं बस न्हाई का?”

“ती पण जिवंत आहे,” मी म्हटलं. त्यानं गाडी काढली.

कोर्टात आधी तिची साक्ष झाली, मग माझी. तो अधिकारी माझ्यापासून चार हातांवर बसला होता, म्हातारा झालेला, पुन्हा पुन्हा पाणी पिणारा. त्याच्या वकिलानं विचारलं, “तुम्ही हुकूम देणाऱ्याचा चेहरा पाहिला?”

“नाही. आवाज ऐकला.”

“तो आवाज यांचाच होता, असं शपथेवर सांगाल?”

सरकारी वकिलांचं पेन थांबलं. पहिल्या बाकावरून ती माझ्याकडे बघत होती. एका ‘हो’चं काम होतं, नाना.

“सांगू शकत नाही,” मी म्हटलं.

बाहेर ती मला गाठून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “तू माझ्या शेजारी होतीस.” मी म्हटलं, “मी पाहिलं नव्हतं.” तिनं मान हलवली आणि कठड्याला धरून, तो पाय सांभाळत, एकेक पायरी उतरत गेली.

निकाल मला फोनवर कळला. दुसऱ्या एका गावातल्या खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. आमच्या वॉर्डातल्या माणसांबाबत मात्र तिनं एकटीनं ओळखलं एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. तिच्या नवऱ्याला कोणी मारलं, हे आता कुठल्याच कागदावर येणार नाही.

“नानाची लेक शोभलीस,” भाऊ म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

त्याला सांगितलं नाही, आणि तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. त्या कोठीत तिनं मान कलती करून मला फटीपाशी जागा करून दिली होती. मी डोळे मिटून घेतले. कोर्टात ते कोणी विचारलं नाही.