बाटल्या ओतणाऱ्याचे घर

मी, मनकर्णा हेमराज निकुरे, वय बासष्ट, धंदा घरकाम आणि रोवणीच्या दिवसांत मजुरी, राहणार पिपरटोला, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. वकील साहेबांनी मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते, म्हणून माझ्या हाताने परत लिहिला. शाळेत मी दुसरीपर्यंत. वाचायला शिकले ती लग्नानंतर, घरात येणाऱ्या व्यसनमुक्तीच्या पुस्तिकांवरून. त्यामुळे 'यकृत' हा शब्द मला 'आनंद' या शब्दाच्या आधी वाचता आला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घराला लागून जे व्यसनमुक्ती केंद्र आहे, त्याचे संचालक श्री. गुणवंतराव बोरकुटे हे, मी घर केंद्राला द्यायचे कबूल केले असे गावात सांगतात. ते खोटे आहे. मी त्यांना चहा दिला होता. एवढेच.

कलम १. माझ्या पतीविषयी.
मिळकतीच्या आधी हे लिहिणे भाग आहे, कारण मिळकत त्यांच्या कष्टाची आहे. माझे पती हेमराज तरुणपणी पीत. त्याच केंद्रात सुटले आणि तिथेच वॉर्डात कामाला लागले. सतरा वर्षे काम केले. नवा रुग्ण आला की त्याची पिशवी तपासायची, बाटली निघाली की त्याच्यादेखत मोरीत ओतायची आणि वहीत सही करायची, हे त्यांचे काम. हे काम पिऊन सुटलेल्यानेच करावे असा केंद्राचा शिरस्ता आहे, कारण लपवायच्या जागा त्यालाच ठाऊक. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा माणसे टॉर्चच्या पोटात आणि उशीच्या कापसात दारू आणत. गडचिरोलीकडची माणसे तांदळाच्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, मोहाच्या दारूची कॅन पुरून आणत. यांना सगळे सापडे. वॉर्डात त्याचे कौतुक होई.

हे काम बदलून द्यावे म्हणून यांनी तीन वेळा लेखी अर्ज केला. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले होते. गुणवंतराव म्हणाले, "हेमराज, तुह्यावर जेवढा भरवसा हाये ना, तेवढा मले माह्या सख्ख्या भावावर नाई."

मी म्हटले, "मंग भावालेच लावा न कामाले. भरवसा बी वाढंल."

ते हसले. हे मात्र बाहेर येऊन मला रागावले. चारचौघांत भरवसा ठेवणाऱ्या माणसाला नाही म्हणणे त्यांना जमले नाही. गुणवंतरावांना ते माहीत होते.

रोज घरी आले की त्यांच्या हातांना वास असे. मी राख आणि लिंबू घेऊन दारात उभी राहायची. "हात दाखवा" म्हणायची. ते लहान पोरासारखे दाखवायचे. त्यामुळे त्यांनी पुन्हा प्यायला सुरुवात केली तेव्हाही वास हातांचाच समजून मी राख पुढे केली. आठ महिने मी हात धूत राहिले. तोंडाकडे पाहिले नाही. ही चूक माझी आहे. ती मी कोणाच्या नावे करत नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात रक्ताच्या उलट्या होऊन ते गेले. केंद्राच्या फलकावर 'हृदयविकाराने निधन' असे लिहिले गेले. मी विचारले तर गुणवंतराव म्हणाले, "बाई, खरं सांगतलं तं ज्या पोरांनी त्याले पाहून सोडली, ते उद्या गुत्त्यावर जातीन." मी घाबरले आणि तीन वर्षे गप्प बसले. आता लिहिते. माझे पती हेमराज दारूने गेले. ज्या आजारातून ते बाहेर आले होते, तोच आजार त्यांना कामावर परत लागला. ते वाईट माणूस नव्हते आणि खोटा फलक लागावा असे त्यांनी काही केले नव्हते.

कलम २. किरकोळ चीजवस्तू.
बँकेतील ठेव आणि धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, माझा मुलगा अंकुश याला. तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, त्याचे घर तिकडे आहे, या घरावर त्याचा हक्क नको असे त्याने लिहून दिले आहे. चांगला मुलगा आहे. फोन कमी करतो.

यांची सायकल आणि पान्ह्यांची पेटी अंकुशलाच. पेटीच्या तळाशी एक छापील कागद आहे. शहरातल्या कॉलेजची एक मुलगी केंद्रातल्या लोकांना कामाचे समाधान किती हे विचारायला आली होती. त्यात एक प्रश्न होता, घरी आल्यावर काम डोक्यात राहते का. यांनी लिहिले, "डोक्यात नाही, हातात राहते." गुणवंतरावांनी सगळे कागद आधी स्वतः वाचले आणि यांना नवीन भरायला लावला. नव्यावर सगळीकडे 'पूर्ण समाधानी' आहे. पेटीत आहे तो पहिला. तो जाळू नये.

कलम ३. श्री. गुणवंतराव बोरकुटे यांच्यासाठी.
त्यांना तिन्ही अर्जांच्या नकला द्याव्यात. मूळ अर्ज त्यांच्याकडे आहेतच, पण त्यांना सापडत नाहीत. तसेच यांना मिळालेली 'आदर्श सेवक' ढाल परत करावी. ती मी दोन वर्षे तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली आहे, घासून द्यावी.

माझ्या तेरवीला ते आले तर जेवू घालावे. बोलायला उभे राहिले तर पाणी देऊन बसवावे. त्यानंतर अंकुशने वरील कलम १ सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. केंद्रातल्या पोरांनाही बोलवावे. ऐकून कोणी गुत्त्यावर गेला तर त्याला परत आणायचे काम केंद्राचेच आहे, त्यासाठीच ते उघडले आहे.

कलम ४. घर.
दोन खोल्या, पडवी, विहीर आणि मागची सांदवाडी, म्हणजे परसाची जागा. केंद्राला तिथे 'हेमराज स्मृती कक्ष' करायचा आहे. केंद्राला ते विकत, भाड्याने किंवा गाड्या लावायलाही देऊ नये.

हे घर मी रंजीता मडावी हिला देते. यांच्यामागे पिशव्या तपासायचे काम तिच्याकडे आले. ती कधी प्यायली नाही. पण तिचा बाप पीत असे, त्यामुळे लपवायच्या जागा तिलाही पाठ आहेत, आणि गुणवंतरावांना तेवढे पुरले. ती केंद्रातल्याच एका खोलीत राहते. काम नको म्हटले की खोली सोड म्हणतात.

अट: रंजीताने एका वर्षात केंद्राचे काम सोडावे, नाहीतर घर अंकुशकडे जाईल.

वरील अट रद्द. ती वाचता येईल अशीच राहू द्यावी, खोडू नये. रद्द का केली ते लिहिते. मी तिला अट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "काकू, मंग घर राहू द्या."

"काऊन वो? काय भेटते तुले तिथी? ओकाऱ्या पुसाले भेटतात, शिव्या भेटतात."

"त्या तं भेटतातच. मांगच्या बाजारी एक जण दिसला, पोरीले खांद्यावर घेऊन. आपल्याच वार्डातून सुटून गेलेला. बायको संगं होती म्हणून त्यानं ओळख नाई देल्ली. मी बी नाई देल्ली. पण त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला मी."

मी तिला घालवून दिले. मला राग आला होता, कारण हेही असेच बोलत. यांना केंद्रातल्या कामाचा कंटाळा कधीच नव्हता. यांना फक्त एक मोरी नको होती.

म्हणून रंजीताने तिथे राहावे की सोडावे, हे मी ठरवणार नाही. गुणवंतरावांनीही ठरवू नये. ज्या दिवशी तिला नाही म्हणावेसे वाटेल, त्या दिवशी सामान उचलून चार पावलांवर स्वतःच्या दारात येता यावे, एवढ्यासाठी हे घर बिनशर्त तिचे.

कलम ५. अंमल.
हे सर्व अंकुशने करावे. केंद्र कोर्टात गेले तर जाऊ द्यावे. तिथे कलम १ पुन्हा वाचावे लागेल, माझी हरकत नाही.

हे मी वाचून पाहिले, मला समजले, आणि यातला एकही शब्द परत घ्यायचा नाही म्हणून खाली सही करते. अंगठा नाही, सही.

मनकर्णा हेमराज निकुरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही:
१. बापूजी गेडाम, निवृत्त पोस्टमन, पिपरटोला
२. नीलिमा लोनबले, अंगणवाडी सेविका, पिपरटोला

रंजीताला घर मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. अट काढल्याचे तिला सांगितलेले नाही. मी जिवंत असेपर्यंत दोन्ही साक्षीदारांनीही सांगू नये. आज ती कामावर आहे.

ठिकाण: पिपरटोला
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५