माग्गाची शिट्टी आणि आकाशातला डबा

कौतोकेनो, ८ फेब्रुवारी

चि. रिस्तेन हिस आईचे आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा.

पत्र पोचलं. तुझा उपग्रह म्हणे पावाच्या डब्याएवढा, आणि त्यात तुझी तीन वर्षं गेली. तेवढ्या वेळात मी तुझ्या बाबांना माणसात आणलं होतं. ईस्टरपर्यंत डबा वर टिकला तर पुढचं काम, नाहीतर सामान बांधून घरी, असं लिहिलंयस. मग मी काय मागावं, सांग बरं? बाबा गेले, तू तिकडे, तरी रस्सा माझ्या हातून अजून दोघींपुरता होतो. तुझा वाटा शेजारचा योव्ना येऊन खातो, शेजारधर्म म्हणून.

फार मिजास केलीस तर रात्री आकाशात नाचणाऱ्या त्या हिरव्या उजेडाकडे बघून शिट्टी मारीन. मग तो खाली येऊन हाताला लागेल ते उचलून नेतो, ठाऊक आहे ना?

लोभ आहे तेवढा पुरे. जास्त झाला तर सुट्टी काढून ये.

तुझी आई, माग्गा


ट्रॉम्सो, १९ फेब्रुवारी

ती. आईस वाकून नमस्कार.

घाईत लिहितेय. शनिवारी सूर्यावरून आलेलं वादळ पृथ्वीच्या चुंबकत्वावर आदळलं. सगळं गाव हिरवा-लाल उजेड बघत रस्त्यावर नाचत होतं, आणि आम्ही आकडे बघून रडकुंडीला आलो होतो. अशा वादळानं वरची विरळ हवा तापते, फुगते आणि आणखी वर चढते. आमचा डबा जिथून सुळकन जायचा, तिथे आता हवा दाट झालीय. ओल्या बर्फात घसरगाडी रुतावी तसा तो अडतोय आणि रोज खाली येतोय. आमच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई म्हणतात, फार तर दहा दिवस. ईस्टर तर अजून लांब आहे गं.

तुझी रिस्तेन


कौतोकेनो, २३ फेब्रुवारी

चि. रिस्तेन हिस आशीर्वाद. चिमटा या वेळी मलाच.

त्याच शनिवारी संध्याकाळी मी शिट्टी मारली. खरंच मारली. योव्ना अंगणात टोपी घट्ट धरून नको बाई, नको बाई करत होता, म्हणून आणखी जोरात मारली. तेवढ्यात त्याच्या म्होरक्या रेनडियरच्या गळ्यातल्या, ठावठिकाणा सांगणाऱ्या पट्ट्यानं फोनवर ती शाळेच्या छपरावर असल्याचं दाखवलं. योव्ना शिडी लावून बघून आला. मी पोट धरून हसले.

तुझं पत्र आलं आणि हसू गेलं. गंमत होती गं, पण निम्मीच. निम्मं मला तू घरी यायला हवी होतीस. ते निम्मं वर कुणी ऐकलं असेल, तर तुझी तीन वर्षं मी बुडवली. रोज सकाळी वर बघून सांगते, माझ्या लेकीचा डबा सोडा. खरं काय ते लिही. रागावली असशील तरी लिही.

आई


ट्रॉम्सो, ३ मार्च

ती. आईस नमस्कार आणि एक दटावणी.

तू शिट्टी मारलीस शनिवारी. वादळ सूर्यावरून निघालं होतं गुरुवारीच. तुझी शिट्टी कितीही खणखणीत असली तरी दोन दिवस मागे जात नाही. योव्नाचा पट्टाही वादळानंच चुकवला.

डबा मंगळवारी हवेत जळून गेला. मी रडले. पण शेवटच्या तासापर्यंत तो आकडे पाठवत होता. फुगलेली हवा किती दाट होते, ते त्यानं तिच्या पोटात शिरून मोजलं. शांत आकाशात ईस्टरपर्यंत फिरला असता तरी हे हाती लागलं नसतं. त्या आकड्यांवर प्राध्यापकबाईंनी दुसरा डबा मंजूर करून आणला. आणखी दोन वर्षं. मी हो म्हटलं, आई. तुला न विचारता.

रिस्तेन


कौतोकेनो, ९ मार्च

चि. रिस्तेन हिस आशीर्वाद.

पत्र वाचून तासभर तुझ्याशी भांडले. तू समोर नव्हतीस, म्हणून जिंकले. मग योव्नाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरीनं बरोबर केलं. त्याला कुणी विचारलं होतं? पण बरोबर केलंस.

एकच अट आहे. तो दुसरा वर जायच्या आधी त्याला इथे घेऊन ये. योव्ना म्हणतो, नाजूक यंत्र असतं ते, बाहेर नेऊ द्यायचे नाहीत. मी म्हटलं, गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन येईल. माझी लेक ज्याच्यापायी दोन वर्षं लांब राहणार, त्याला दारात उभा करून बघितल्याशिवाय मी होकार देत नसते.

तुझी, अजून होकार न दिलेली,
आई