कोरडा डबा

बाबा, डोंग्यातला पाणी उपसायचा डबा कोरडा आहे. गेल्या कित्येक दिवसांत त्यात थेंब आलेला नाही. आज दुपारी धाकट्यानं फोनवर हे सांगितलं. आमच्या वर्तमानपत्राच्या कामात एकाच्या शब्दावर बातमी धरत नाहीत, म्हणून मी त्याला फोन तुमच्या सुनेकडे द्यायला लावला. तीही म्हणाली, "खरंच वो बाई, सुका ठणठणीत आहे. तुमच्या भावानं त्याच्यात टॉर्च ठेवला, तमाखूची पुडी ठेवली." ती हसत होती. मला हसू आलं नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही आलं नसतं.

डोंगा तोच आहे, तुमच्या हातचा. सागाच्या फळ्या काळ्या पडल्यात, आतल्या आडव्या फासळ्या तुमच्या वेळेपासून बदललेल्या नाहीत. पहाटे जाळी काढून झाली की हाच डोंगा मिरची तोडायला जाणाऱ्या बायांना पलीकडे नेतो. धरणाचं पाणी चढल्यापासून वैनगंगा आपल्या घाटापाशी नदीसारखी राहिलेलीच नाही. ती पसरून पडली आहे, तिला ओढ नाही, आणि तळाचा अंदाज लागत नाही. पलीकडच्या शेतांना दुसरी वाट आहे, पण ती फार फेऱ्याची. फासळ्यांवर तुम्ही अंथरायचात तसंच बांबूचं तट्टं अजून होतं. ते या हंगामात फाटलं. एका बाईच्या तळपायात काडी घुसली, पाय सुजला, तिची मजुरी बुडाली. आंधळगावच्या बाजारात तट्टी विणून आणणारा म्हातारा आता बसत नाही. तेव्हा धाकट्यानं मला फोन केला. "ताई, तू भंडाऱ्यातच राहतेस. मी येऊन राहिलो. आपन दोघं मिळून चांगलं काहीतरी टाकून देऊ डोंग्यात. बाया शिव्या देऊन राहिल्या मले."

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं गुंडाळ्या उलगडायला सुरुवात केली. हिरवं प्लास्टिकचं गवत, भोकं असलेली काळी रबरी चटई, काथ्याची, आणि जमिनीवर टाकतात ती जाड शीट. "कुठं टाकाची आहे? हॉलमधे का गच्चीवर?" धाकटा म्हणाला, "डोंग्यात." दुकानदार आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. "डोंग्यात? मंग मासोळीले सोफाबी घेऊन जा ना भाऊ!" धाकटाही कमी नाही. "सोफा तुमच्याच घरून नेतो, तुम्ही एक डाव बसाले तं या." मग दोघं हसले आणि कामाचं बोलणं सुरू झालं. भोकांची रबरी चटई तुकड्यातुकड्यांची होती, हवी तेव्हा उचलता आली असती. पण ती काळी, आणि दुकानदार म्हणाला, उन्हात तापते. शीटवर लाकडाचं चित्र होतं, सागवानी, रेषा आणि गाठींसकट. खाली प्लायवूड ठोकायचं, वर गोंदानं शीट, कडेनं सिलिकॉन. "पानी वर येनारच नाही," दुकानदार म्हणाला. शेवटी बोट सागवानी शीटवर पडलं.

पाणी वर येणारच नाही. बाबा, हे वाक्य मी तिथे ऐकलं आणि चांगलं आहे असं समजून ऐकलं.

मला आईचा तो दिवस आठवतो. मामाकडे लग्न आहे, आई ठेवणीतलं लुगडं नेसली आहे, आणि डोंग्यात पाय ओले होतील म्हणून तिनं तट्ट्यावर खताचं प्लास्टिकचं पोतं चिरून अंथरलं आहे. तुम्ही येता, पोतं ओढून काठावर फेकता. मग तट्टं एका टोकाकडून उचलता, खाली वाकता, फासळ्यांमधल्या पाण्यात बोटं घालता. रोज सकाळी घालायचात तशीच. किती आहे, गार आहे का, गढूळ आहे का. गार आणि गढूळ म्हणजे पाणी आताच नदीतून आलेलं. त्या दिवशी आई तोंड फिरवून म्हणाली, "डोंग्याच्या पोटातलं पानी दिसते यायले, बायकोचं लुगडं नाही दिसत." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "डोंगा रडते तं रडू दे. पन त्याचे डोये झाकू नोको." लग्नात आई ओल्या काठानंच वावरली आणि जो भेटेल त्याला तुमचं हे वाक्य तुमच्याच आवाजात ऐकवत राहिली. माहेरची माणसं पोट धरून हसली. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे कुणी रडताना तोंड लपवलं की कुणीतरी म्हणायचंच, डोये झाकू नोको. ते वाक्य घरात राहिलं, आणि डोंग्यातून कधी गेलं ते कळलंच नाही.

मागच्या रविवारी मी घाटावर गेले. डोंगा देखणा दिसत होता. चप्पल काढून आत पाय ठेवला तर तळव्याला मऊ, कोरडं लागलं. बाया खूश होत्या. त्यांच्यातली थोरली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अवो बाई, दिवानखान्यात बसल्यावानी वाटते! आता याले म्हना, च्या पन पाज." धाकटा ओल्या फडक्यानं शीट पुसत होता. मी मागच्या टोकाला गेले तेव्हा पायाखाली काहीतरी खळबळलं. पाऊल उचललं, पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. बंद घागरीत हलावं तसं.

"हा आवाज कसला रे?"

"नदीचा. नदीत नदीचा आवाज नाही येनार तं कायचा येनार, ताई?"

बाया हसल्या. मी उतरले आणि काठावरून डोंग्याकडे पाहिलं. बाहेरच्या बाजूनं तुम्ही पटाशीनं खाच मारून ठेवली आहे, रिकामा डोंगा कुठवर बुडावा त्याची. डोंग्यात तेव्हा फक्त धाकटा होता. खाच पाण्याखाली होती.

मी त्याला ती दाखवली. तो म्हणाला प्लायवूडचं वजन आहे. असेलही. मी म्हटलं, मागे एक चौकोन काप, झाकण कर, खाली हात घालून बघ. त्याचा चेहरा उतरला. "नवीन शीट कापू? काहून? डबा सुका आहे, तू पाह्यलं ना? बाबाच्या टायमाले अर्धा जीव पानी उपसन्यातच जात होता." त्याचंही खोटं नाही. त्याचा खांदा दुखतो. उपसण्यापासून त्याची सुटका झाली आहे आणि ती माझ्या शंकेनं काढून घ्यावी असं मला तिथे वाटेना. मिरची संपू दे, मग पाहू, असं ठरलं. खरं तर त्यानं ठरवलं आणि मी मान हलवली.

आज दुपारी तो कोरड्या डब्याचं कौतुक करत होता तेव्हा तुमची सून मागून म्हणाली, "पन वल्हवताना आजकाल लय दमून राहिले हे. डोंगा जड चालते म्हनते." धाकट्यानं तिला गप्प केलं. म्हणाला, उद्या बाया जास्त आहेत, मालकाची गाडी भरायची आहे, एकाच खेपेत नेतो.

बाबा, अशा बातम्या मी लावल्या आहेत. पहिली ओळ कशी असते ते मला पाठ आहे, आणि त्या पहिल्या ओळीत बायांचा आकडा असतो. तुम्ही जन्मभर पाण्यावर राहून खाटेवर गेलात, याचं घाटावर अजून कौतुक होतं. लोक म्हणतात, नशीब. तट्टं रोज उचललं जायचं, हे कुणाच्या लक्षात नाही.

तुमची पटाशी माझ्याकडेच असते, कपाटात. आता ती पिशवीत ठेवली आहे. धाकट्याला पुन्हा फोन केला, तो उचलत नाही. सुनेला सांगून ठेवलं आहे की मी पोचेपर्यंत बायांना बसवू नका. ती "हो बाई" म्हणाली, पण तिचं तिथे किती चालतं ते तुम्हाला माहीत आहे. उजाडायच्या आत पहिली बस सुटते. ती वेळेवर निघाली तर बाया घाटावर जमतात तेवढ्यात मी पोचेन, आणि मागचा चौकोन कापेन. तो ओरडेल. त्याला ओरडू द्यायचं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते पिशवीतच राहील. तुम्हालाच सांगते, धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. दुकानात तो रबरी चटईकडेच वळला होता. सागवानी शीटवर पडलं ते बोट माझं होतं. लांबून ती तुमच्या डोंग्यासारखी दिसत होती.