पंचवीस घरं, एक बाज

२० नोव्हेंबर
समाजशास्त्राचा प्रकल्प मिळाला. गावातली पंचवीस कुटुंबं, घरोघरी जाऊन मुलाखत, प्रत्येकाचा एक फॉर्म. वीस मार्क. गेल्या वर्षी बारावीला याच विषयात सहा मार्कांनी गेलो होतो. माझे वडील, बापू म्हणाले, यंदा गेलास तर वारंगा फाट्यावर मोहनसिंगच्या ढाब्यावर कामाला जायचं, मी बोलून ठेवलंय. मला काही वाटलं नाही. समाजशास्त्रज्ञानं भावना बाजूला ठेवायच्या असतात.

संकल्प: रोज पाच घरं. पाच दिवसांत खलास.

२१ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो. गावात कुणी नाही, सगळे कापूस वेचायला. कुलपाची मुलाखत कशी घेणार? उद्या लवकर उठायचं.

२४ नोव्हेंबर
लवकर उठणं झालं नाही. पण आज शेजारच्या शकुबाईंकडे गेलो. विचारलं, घरात निर्णय कोण घेतं. म्हणाल्या, काहून पुसून राहिला रे? आधी ते गवऱ्याचं टोपलं धर. धरलं. फॉर्मला शेण लागलं. समाज सहकार्य करत नाही.

२ डिसेंबर
शीतल मॅडमनी वर्गात सहभागी निरीक्षण शिकवलं. म्हणजे लोकांत राहून लोकांकडे बघणं. मी या साखरा गावात अठरा वर्षं राहतोय. म्हणजे निरीक्षण कधीच झालंय, फक्त लिहायचं बाकी. हे आधी सांगितलं असतं तर गवऱ्या टळल्या असत्या.

९ डिसेंबर
थंडी फार. बाजेवर उन्हात पडून प्रकल्पाचा आराखडा. मनातच. आई शेतात निघताना म्हणाली, दिसभर काय करून राहतो रे तू? म्हटलं, अभ्यास. आणखी काही सांगितलं नाही. तिला काय कळणार.

१८ डिसेंबर
प्रकल्प पूर्ण!! पंचवीस कुटुंबं, एका बाजेवरून, एका दुपारात. तीन पेनं वापरली. शिकलेल्यांच्या सह्या केल्या, न शिकलेल्यांचे अंगठे उठवले. त्यासाठी ग्रामपंचायतीतून शाईचा पॅड आणला. इतकी मेहनत वर्गात कुणी घेतली नसणार. शेवटचा फॉर्म आमचाच. आईपुढे 'निरक्षर' लिहिलं आणि अंगठा. ती शेतात होती, तकलीफ कशाला द्यायची.

एकूण अंगठे अकरा. अपेक्षित मार्क अठरा.

५ जानेवारी
मॅडमनी अकरा फॉर्म टेबलावर ओळीनं मांडले. म्हणाल्या, तुझा अंगठा दाखव. माझ्या अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता. त्याची आडवी रेघ अकराही घरांत निघाली. मी म्हटलं, मॅडम, एकाच गावचं पाणी. त्या हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, केशरबाईंचा अंगठा कसा? तुझी आई दर पालक सभेला येते, रजिस्टरवर सही करते. मला कसं माहीत असणार? पालक सभेला विद्यार्थ्यांना बोलावत नाहीत.

निकाल: पंचवीसही फॉर्म रद्द. एकच घर करायचं, स्वतःचं. खरं विचारून. परवापर्यंत, नाहीतर शून्य.

६ जानेवारी, संध्याकाळी ७
आई भाकरी थापत होती. समोर बसलो. शिक्षण किती, विचारलं. म्हणाली, दहावी पास, एकसष्ट टक्के. म्हटलं, मस्करी करू नको, मार्कांचा प्रश्न आहे. म्हणाली, पेटीत मार्कशीट हाय, बघ जा. गेलो नाही. म्हटलं, मग कधी सांगितलं नाहीस? म्हणाली, तू कवा पुसलं?

वाईट वाटलं. बाजूला ठेवून बघितलं, जमलं नाही.

पुढचे प्रश्न मला वाचवेनात. शेवटी तिनं हात धुतले, म्हणाली, दे इकडं, तुझ्यानं काही व्हायचं न्हाई. आणि फॉर्म स्वतःच भरला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

७ जानेवारी
कॉलेजला जाताना जीपमध्ये फॉर्म वाचला.

घरात निर्णय कोण घेतं: नवरा. कधी कधी मी, त्यांना न सांगता.
एकूण माणसं: तीन.
कमावणारी: दोन.
मुलगा काय करतो: माहीत नाही.

ते खोडून 'अभ्यास' लिहिणार होतो. पेनाचं टोपणही काढलं. पण खाली तिची सही होती.

तसाच दिला. मॅडमनी बारा मार्क दिले. पास.