गॅसवर काहीच नव्हतं, बाबा

प्रिय बाबा,

आज दुपारी दिवे परत आले. आई स्वयंपाकघरात आमटी करतेय, शेजाऱ्यांचा बर्फ उडवणारा स्नोब्लोअर घरघरतोय, आणि मला तुमच्याशी कडकडून भांडायचंय. समोर असतात तर ओरडले असते. आता लिहिण्याशिवाय काय करू?

तुमच्याशिवाय हा पहिला हिवाळा. वादळ येणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच बॉस्टनहून श्रूजबरीला घरी आले. पाणी भरलं, टॉर्च काढले, आईची औषधं एका पिशवीत ठेवली. आईने दशम्या केल्या. "वादळ आहे की लढाई?" म्हणाली. मी अशी झाले ती तुमच्यामुळेच ना? शाळेत जायच्या आधीपासून मला कडेवर घेऊन तुम्ही गॅसचे नॉब दाखवायचात. "एकदा बघितलं म्हणजे बघितलंच नाही. परत बघ." अजूनही ऑफिसला निघाले की मी जिन्यावरून परत येते. मैत्रिणी हसतात.

मग तो अलार्म ड्रॉवरमध्ये कसा गेला, बाबा?

धूर आणि विषारी वायू, दोन्हींसाठी बोंबलणारा तो पांढरा डबा. टॉर्चचे सेल शोधताना सापडला, रबरबँड आणि केचपच्या पुड्यांच्या खाली. आई म्हणाली, "अगं, फोडणी दिली की किंचाळायचा. ह्यांनीच काढला." मला तुमचा आवाजच ऐकू आला: फोडणीला घाबरणारं यंत्र मराठी घरात कशाला? नवे सेल घालून मी तो स्वयंपाकघराच्या छताला परत लावला.

आणि जनरेटर! तो तुम्ही गराजमध्ये चालवायचात, दार अर्धं उघडं ठेवून, का तर त्याच्यावर बर्फ पडू नये. मी आईला म्हटलं, त्याचा धूर जीव घेतो, तो अंगणात हवा, घरापासून लांब.

"त्यांनी इतकी वर्षं तिथेच चालवला. काही झालं का?"

"आजवर झालं नाही म्हणून उद्या होणार नाही का, आई?"

"ते इंजिनिअर होते. तू एक्सेलमध्ये रंग भरतेस."

जिवंत मुलीपेक्षा गेलेल्या नवऱ्याचा शब्द मोठा. आणि तुम्ही तर आता शब्द मागे घ्यायलाही येणार नाही!

काल सकाळी दिवे गेले. हीटरचा धूर बाहेर जातो ते नळकांडं बर्फाने बुजू नये म्हणून मी घरामागे फावडं मारत होते. वाऱ्यात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तेवढ्यात आईने जनरेटर सुरू केला. गराजमध्येच. "तू गारठून आत येशील म्हणून," असं नंतर म्हणाली.

मी आत आले तर अलार्म किंचाळत होता आणि त्याच्याखाली आई टॉवेल हलवत उभी होती, अगदी तुम्ही हलवायचात तशी. मग सवयीने तिने शेगडीकडे पाहिलं. टॉवेल खाली आला.

"गॅसवर तर काहीच नाहीये गं," ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून बाहेर ओढलं. अंगात कोट नाही, पायात घरातल्या चपला. मी फोन केल्यावर आगीच्या बंबाची माणसं आली, त्यांनी जनरेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. कोणाचं डोकं दुखतंय का, असं त्यांनी विचारल्यावर आईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. तिला तपासलं, सगळं ठीक निघालं. मग ती मला हळूच म्हणाली, "मागच्या वादळातही दुखत होतं. ह्यांचंही."

आठवतं ना? थंडी बाधली म्हणून तुम्ही दोघं कपाळाला सुंठेचा लेप लावून बसला होतात! फोनवर मला ते हसत दाखवलंतही. तुम्ही उन्हाळ्यात गेलात, आजारपणाने, माझा हात धरून. पण त्या दिवशीच दोघंही गेला असतात तर? सुंठ लावलेल्या कपाळांनी? किती राग येतो तुमचा, सांगू? मला जन्मभर दोनदा बघायला लावलंत, आणि स्वतः एकदाही नाही?

जनरेटर आम्ही दोघींनी ढकलत अंगणाच्या टोकाला नेला. आईने तुमचं मोठं जॅकेट घातलं होतं. सगळा वेळ ती कोणावर तरी पुटपुटत होती. माझ्यावर नव्हे, एवढं नक्की.

हे लिहिता लिहिता आत्ताच अलार्म बोंबलला. "फोडणीच आहे गं!" आई आतून ओरडली. तरी उठले. शेगडी बघितली, गराज बघितलं, परत शेगडी बघितली. आईने कपाळावर हात मारून घेतला आणि खिडकी उघडली.

बाबा, वचन देते. तुमचं बाकी सगळं जसंच्या तसं ठेवीन, पण तो डबा छतावरून पुन्हा उतरणार नाही. रोज बोंबलला तरी चालेल. मी रोज उठून बघेन.

अजून रागावलेली,
तुमचीच मीनू