चार तोंडं, अडीच माणसं

६ जानेवारी १९४४, गुरुवार. शिरड शहापूर

तराजू पोचला, वजनं हिंगोलीतच राहिली! दिवस फुकट. पटवाऱ्याने चावडीत बसवलं, चहा पाजला, मग हळूच विचारलं, "साहेब, तुमी वसुलीचे का मोजणीचे?" दोन्हीतला नाही म्हटलं. अर्थशास्त्राचा एम. ए. आहे, आकडेवारीच्या खात्यात आहे, लोक किती धान्य खातात ते पाहायला आलोय. त्याने मान डोलावली. समजलं काहीच नसावं.

त्याला काय बोल लावायचा? बाबांनाही समजलेलं नाही. "बंडोपंत वकिलाचा मुलगा लोकांच्या भाकऱ्या तोलतो!" — हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटतात. माझ्या वर्गातला उत्तमराव नायब तहसीलदार झाला. त्याच्यापुढे शिपाई पळतो, माझ्यापुढे बैलगाडीत तराजू. एवढं शिकून चूकच केली की काय, असं रोज एकदा तरी वाटतं.

८ जानेवारी, शनिवार

वजनं आली. घर मिळालं — मंजुळाबाईचं. विधवा बाई. मुलगा संतराम, सून मनकर्णा, लग्नाची मुलगी शकू. दुपारच्या जेवणाला प्रत्येकाच्या पानातलं तोलायचं, आठ दिवस. मंजुळाबाई म्हणाली, "तोला की. पर आधी जेवा. आमच्या दारी येऊन उपाशी बसता काहून?"

जेवलो! संतरामच्या मांडीला मांडी लावून. सोवळं-ओवळं हिंगोलीत ठेवून आलोय. आईला कळलं तर विहीर जवळ करील. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. तीन खाल्ल्या. घरी दोनच्या पुढे जात नाही. नको नको म्हणत होतो, तर म्हणाली, "खावा, तुमच्यापुरतं जास्तीचं दळलंय." माझी भाकरी अर्थातच हिशोबात धरली नाही.

मग बायका बसल्या. त्यांचीही पानं तोलली. संतराम तीन भाकरी. बायका दीड-दीड.

१० जानेवारी, सोमवार

उपास. आईने औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला होता — मार्तंडाला नोकरी लागली तर तो सोमवार धरील. नवस तिचा, पोट माझं! दिवसभर शेंगदाणे आणि पाणी.

आज बायकांच्या पानांत अडीच-अडीच भाकरी. दोनदा तोलल्या. शकूला विचारलं तर पदर तोंडाला लावून हसत आत पळाली.

१५ जानेवारी

सरासरी काढली. सोमवार बाकीच्या दिवसांत बसतच नाही. वाराचा काही तरी प्रकार असावा. वगळला.

२७ फेब्रुवारी. हिंगोली

हट्टा झालं, कनेरगाव नाका झालं. घरोघर पंक्तीला बसलो. लोक तोंडभरून म्हणतात, असा साहेब पाहिला नाही! सगळीकडे आकडा तोच — बाई पुरुषाच्या निम्मं खाते. सोमवार तेवढा आडवा येतो, तो सगळीकडेच वगळला. तक्ता तयार. पुरुष : एक. बाई : अर्धा.

घरी प्रेमाने — माझ्या बायकोने — तक्ता पाहिला. "मी अर्धी? तुम्ही मला जेवताना कधी पाहिलंय तरी का?"

खरंच नाही पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली. ती मागून जेवते. काही तरी थट्टा करून वेळ मारून नेली. ती हसली नाही.

९ एप्रिल

हैदराबादहून पत्र. मोठे साहेब खूश! यंदा लेव्हीला माझाच तक्ता लागणार. घरच्या खाण्यापुरती ज्वारी ठेवायची, बाकीची सरकारी कोठारात. 'अर्धा' धरला की कोठारं भरतात, म्हणून तर खूश. बढतीसाठी नाव पुढे केलंय म्हणे. बाबांनी पेढे वाटले, गल्लीत दोनदा.

मी वसुलीचा नाही, असं पटवाऱ्याला म्हणालो होतो. ते आठवलं. पेढा तरीही खाल्ला.

१२ डिसेंबर

संतराम कचेरीत आला. पागोटं हातात.

"साहेब, पेव उघडून ज्वारी नेली. घरात तोंडं चार हायेत, कागदावर मानसं अडीच. काहून?"

बायकांना अर्धं धरतात, म्हणालो. मीच धरलंय, हे जिभेवर आलं नाही.

"मनकर्णा पोटुशी हाय. तुमी आमच्या घरी जेवलेले मानूस, म्हनून आलो. दुसरं कोन ऐकून राहिलं?"

हैदराबादला लिहितो म्हणालो. तो पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो.

१३ डिसेंबर

बढतीची यादी महिनाअखेर लागते. आत्ताच आपला आकडा आपणच फिरवायचा? यादी लागू दे, मग लिहू.

३० डिसेंबर

नाव आहे! पहिलंच.

पत्र लिहिलेलं नाही.

१८ एप्रिल १९४५

शिरडचा पटवारी बाजारात भेटला. बरं चाललंय का, असं सहज विचारलं. मनकर्णाला मुलगा झाला होता. तिला दूधच आलं नाही. शेजारच्या बायांनी पाजून पाहिलं, शेळीचं दिलं. अकराव्या दिवशी गेला.

"बाईच्या अंगातच काई ऱ्हायलं न्हवतं साहेब, दूध कुठून येईल?" असं तो म्हणाला आणि भेंडीचा भाव विचारू लागला.

मी एक पत्र लिहायला हवं होतं. एक पान. लिहूनही कदाचित काही झालं नसतं, मोठ्या साहेबांनी ते टोपलीत टाकलं असतं. पण लिहायला हवं होतं. संतराम वाट पाहत बसला असेल. मी यादीची वाट पाहत होतो. प्रेमाला सांगितलं नाही. सांगायचं धाडस नाही.

३ ऑगस्ट १९४६. हैदराबाद

खोलीला पंखा, दाराशी शिपाई. पळतो! बाबा असते तर बघून गेले असते. पोटात मात्र सारखी आग. डॉक्टरांनी तिखट आणि भाकरी बंद केली. दूधभातावर आहे.

नव्याने लागलेल्या एका एम. ए.ने विचारलं, "सर, या खात्यात वर जायचं तर काय लागतं?" म्हटलं, वरच्याला हवा तो आकडा. त्याला विनोद वाटला.

एकच गोष्ट मनाला समजावत असतो. पत्र लिहिलं नाही हे पाप माझं. पण आकडा खोटा नव्हता. पानं मी माझ्या हाताने तोलली, एक तोळा इकडचा तिकडे केला नाही. आकडा खरा होता, त्याच्या जोरावर पेव उघडणारे दुसरे. एवढा एक आधार नसता तर झोप लागली नसती.

२२ नोव्हेंबर १९४८

राज्य बदललं. खोली तीच, साहेब नवे. विचारत होते, धान्यवाटपाला जुनाच तक्ता चालवायचा का? मी म्हटलं, एकदा पुन्हा तोलून येतो. शिरडपासून सुरुवात करतो. तोलायचं निमित्त. पाच वर्षं होत आली, मंजुळाबाईला तोंड दाखवलेलं नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार. शिरड शहापूर

मंजुळाबाई वाकलीय. शकू सासरी गेली. मनकर्णाच्या कडेवर वर्षाची पोरगी. कुणी एक शब्द उणा बोललं नाही! "साहेब वाळले," एवढंच. आग्रह झाला, पण सकाळी हिंगोलीच्या घरून निघताना प्रेमाने डब्यात दूधभात दिला होता, तो खाल्ला.

मग पानं तोलली. संतराम तीन. मंजुळाबाई अडीच. मनकर्णा अडीच.

पुन्हा तोलली. अडीच. आज तर सोमवारही नाही. मनकर्णाला विचारलं, आता भूक वाढली का?

"भूक तेवढीच हाय जी. तवा तुमी जेवत व्हता."

"पण माझ्यापुरतं जास्तीचं दळलं होतं ना?"

मंजुळाबाई हसली. "पावन्याला तसंच म्हनावं लागतंय, बाबा. न्हाईतर तो जेवंल व्हय? दळण रोजचंच व्हतं."

१ डिसेंबर

जुनी वही काढली. वगळलेला सोमवार तेवढा खरा होता. बाकी सगळे दिवस मी तीन भाकरी खाल्ल्या. तीन बायका, एकेकीची एक.

त्या घरात तोंडं पाच होती. पाचवं माझं.